भरलेले सेल दाऱ्यावर, उरलेले सेल गोठ्यात

रब्बीचं भिजवण सुरू झालं आणि शेतीच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, रात्रीची पाळी आली, की घरातल्या सेलना भाव येतो. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात बसतो तो सेल. खालीही तेच शब्द वापरतो, नाहीतर गोंधळ व्हायचा.

सेल वाचवायची गोष्ट सांगण्याआधी एक अट. रात्री कांद्याला किंवा गव्हाला दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला जाताना हातातल्या बॅटरीत भरलेलेच सेल हवेत. घोणस थंडीतही फिरते, उसाच्या कडेने बिबट्या असतो, आणि मोटारीपासून घरापर्यंतचा बांध अंधारात आठवणीने चालायचा नसतो. गेल्या पौषात कसर करून मी मुलाच्या खेळण्यातले सेल घालून गेलो. मोटार सुरू करेपर्यंत उजेड चांगला होता; पाचव्या वाफ्यावर पिवळा पडला आणि सातव्यावर मी मोबाइल तोंडात धरून फावडं चालवत होतो. चालायची बॅटरी वेगळी आणि ठेवायचा उजेड वेगळा. उरलेले सेल लावायचे ते दुसऱ्या कामाला.

आता उरलेलं म्हणजे काय ते पाहू. उन्हाळ्यातली विहीर आठवा. पाच एचपीची मोटार लावली की अर्ध्या तासात फुटबॉल (पाइपच्या बुडाची झडप) उघडा पडतो आणि आपण म्हणतो, विहीर आटली. त्याच विहिरीवर छोटी मोटार लावली तर झऱ्याचं पाणी दिवसभर येतं. सेलचंही तसंच. सेल जुना होतो तसा त्याच्या आतला विरोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. समजा सेल मीटरवर 1.2 व्होल्ट दाखवतोय आणि आतला विरोध 2 ओहम झालाय. जुन्या बल्बच्या बॅटरीने 300 मिलिअँपिअर ओढले, की 0.6 व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात, बाहेर निम्मेच उरतात. बारीक एलईडीने 20 मिलिअँपिअर ओढले तर आत जातात फक्त 0.04 व्होल्ट. सेल तोच, पण एका बॅटरीत मेलेला आणि दुसरीत जिवंत.

असे सेल घरात भरपूर निघतात. सगळ्यात मोठा साठा गॅस गिझरचा. त्यातले दोन मोठे सेल ठिणगी पडेनाशी झाली की आपण काढून फेकतो, आणि त्यांच्यात अजून बराच माल असतो. खेळणी, हाताचा वजनकाटा, जास्त उजेडाची बॅटरी, यांतले पेन्सिल सेलही तसेच.

मीटर असेल तर डीसी व्होल्टवर लावून पाहा, वायरमनकडे असतोच. नवा सेल दीड व्होल्ट किंवा थोडा वर दाखवतो. 1.3 च्या वर असेल तर तो रिमोटला चालेल. 1.1 ते 1.3 मधला कमी ओढीच्या उजेडाला उत्तम. 0.9 पर्यंतचा फक्त एका सेलवर चालणाऱ्या एलईडी दिव्यात उपयोगी, आणि त्याखालचा संपला. नुसता मोकळा सेल मोजला की आकडा फसवा येतो, कारण विश्रांती मिळालेला सेल थोडा वर चढतो. म्हणून दिव्यात घालून पाच मिनिटं चालवावा आणि मग मोजावा.

दिवा घेताना एवढं पाहा. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण तीन व्होल्ट लागतात. 1.1 चे दोन सेल मिळून 2.2 होतात, म्हणून साध्या दोन सेलच्या एलईडी बॅटरीत ते अंधुक किंवा बंद. तीन लावले की 3.3, आणि दिवा पेटतो. एका सेलवर चालणाऱ्या दिव्यात व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं, म्हणून तो अगदी शेवटचा थेंबही काढतो. डोक्याला बांधायच्या दिव्यात कमी उजेडाची पायरी असेल तर तीच वापरा. भरपूर उजेड देणारी बॅटरी या कामाला घेऊच नका. तिची ओढ जास्त.

हा उजेड लावायचा कुठे? गोठ्यात विण्याला आलेल्या गाईजवळ, रात्री उठून मोठा बल्ब लावून सगळी जनावरं उठवायला नको. स्टार्टरच्या खोक्याशेजारी, म्हणजे अंधारात हात भलत्या तारेवर जात नाही. पायरीला, न्हाणीला. शेतात एखादा दिवा व्हॉल्व्हजवळ खुंटीला टांगला की परतताना खूण सापडते. ती खूणच, तिच्या भरवशावर पाय टाकायचा नाही.

तीन सेल एकत्र लावणार असाल तर तिघे एकाच जातीचे, एकाच कंपनीचे आणि मीटरवर 0.1 व्होल्टच्या आत सारखे असावेत. नवे दोन आणि जुना एक अशी मोट बांधली, की नवे सेल मेलेल्यातूनही जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, तो फुगतो आणि गळतो. घरोघरी होणाऱ्या नुकसानीचं मोठं कारण हेच. सेल उन्हात पत्र्यावर ठेवून 'भरायची' जुनी सवयही सोडा. गरम केल्याने थोडा वेळ उजेड येतो, पण गळती लवकर होते. साधा सेल चार्जरला लावायचा नाही आणि चुलीत टाकायचा तर नाहीच.

गळला असेल तर हातमोजे घालून आधी कोरड्या फडक्याने पुसा. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी असेल तर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब कापसावर घेऊन स्प्रिंग घासा, मग कोरडी करा. साध्या, म्हणजे झिंक-कार्बन सेलच्या गळतीला खाण्याच्या सोड्याचा ओला बोळा बरा.

हे सगळं एकदा वापरून फेकायच्या सेलचं चाललंय. चार्जिंगच्या बॅटरीला आणि फवारणी पंपाच्या बॅटरीला (ही टॉर्च नव्हे, पंपाला वीज देणारा डबा) उलटा नियम लागतो. पंपाची 12 व्होल्टची शिशाची बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत ओढली की तिच्या प्लेटा खराब होतात. फवारणी झाली की लगेच चार्ज करा आणि हंगाम नसतानाही अधूनमधून चार्जिंग द्या. लिथियमचा सेल तर दिवा मंद झाला की तिथेच थांबवावा.

संपलेला सेल उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचं खत पुढच्या वर्षी रानातच जातं, आणि काही सेलमध्ये शिसं-कॅडमियमचा अंशही असतो. झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत साठवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल आणि बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तालुक्याला ई-कचरा संकलन असेल तिथे बरणी देऊन या. बटणासारखे चपटे सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका जाळतो. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

उरलेल्या सेलचं खोकं वेगळं ठेवा, प्रत्येकावर पेनने तारीख आणि व्होल्ट लिहा. महिन्यातून एकदा सेल उलटा करून बूड पाहा. ओल किंवा पांढरी भुकटी दिसली, तर मीटर काहीही दाखवो, त्याची जागा बरणीत.