ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचा डिझेल पंप असा सांभाळा

रिकामी पिकअप मस्त पळते, पण मागे भरलेली ट्रॉली जोडून मांजरसुंबा घाट लागला की दम तोडते? आधी डिझेल फिल्टर बघा. ओढीला डिझेल जास्त लागतं. अर्धवट चोक झालेला फिल्टर रिकाम्या गाडीला पुरतो, भरलेल्या गाडीला नाही. काळा धूर खूप येत असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचे होज (हवेचे पाइप) तपासा. धूर नाही, नुसतीच ताकद गेली, तर इंजिनाला डिझेल कमी पडतंय.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे पंप एकाच जाड नळीत (रेल) दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं, पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी किंवा रॉकेल गेलं की पंप घासतो आणि त्याच्या धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, इंजेक्टर, टाकी सगळं उघडावं लागतं. एवढा खर्च टाळायचा तर आठवड्यातून एकदा डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी सोडा, आणि तेही सकाळी गाडी सुरू करण्याआधी, कारण रात्रीतून पाणी तळाला बसलेलं असतं. फिल्टरखाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू दोन-तीन आटे सैल करा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. पाणी बाटलीच्या तळाशी वेगळं दिसतं. स्क्रू हातानेच आवळा. पाना लावला की प्लास्टिकचे आटे जातात.

आपल्याकडच्या धुळीत, त्यात ओढीच्या कामात, मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच फिल्टर बदलावा. नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून डिझेल ओतू नका, ते न गाळता थेट पंपात जातं. रबरी रिंगला डिझेल लावा, फिल्टर बसवा आणि डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढा. तरीही गाडी हवा धरत असेल तर टाकी ते पंप या लाइनच्या क्लिपा बघा. या बाजूला पंप डिझेल ओढून घेत असल्याने गळती असूनही बाहेर थेंब दिसत नाही, आत हवा मात्र जाते.

शेतावरच्या ड्रममधलं डिझेल भरायचं असेल तर ड्रम एक दिवस हलवू नका आणि तळाचं चार बोटं डिझेल तसंच राहू द्या. उन्हाळ्यात टाकी पावच्या खाली नेऊ नका. इंजिनाकडून परत येणारं डिझेल गरम असतं. टाकीत कमी उरलं की ते लवकर तापतं, पातळ होतं आणि पंपाचं वंगण घटतं.

मिसिंग (एखादा सिलिंडर नीट काम न करणं) शोधायला चालू इंजिनाचा इंजेक्टर नट सैल करायची जुनी पद्धत कॉमन रेलवर कधीच वापरू नका. हजार बारच्या वरच्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा आणि आत डिझेल गेल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.