टर्मिनलवर पासवर्ड विचारताना

पायथनमध्ये पासवर्ड घ्यायला साधं इनपुट नको, टाइप केलेलं सगळं पडद्यावर उमटतं. कमांडच्या आर्ग्युमेंटमधून तर मुळीच नको: तो शेलच्या (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत राहतो, शिवाय पीएस ही चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड चालवणाऱ्या दुसऱ्या युजरलाही दिसू शकतो. माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मी गेटपास (getpass) मॉड्यूलमधलं त्याच नावाचं फंक्शन वापरते. लिनक्सवर ते थेट टर्मिनल उघडून इको, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर उमटणं, बंद करतं आणि एंटरनंतर, अगदी मधेच कंट्रोल-सी दाबलं तरी, पूर्ववत करतं. हे मला फार मोलाचं वाटतं. सी भाषेत स्वतः लिहिलंत तर कंट्रोल-सीने येणारा सिग्नल तुम्हालाच सांभाळावा लागतो, नाहीतर प्रोग्राम मधेच तुटल्यावर शेलमध्ये टाइप केलेलं दिसेनासं होऊ शकतं. तेव्हा न दिसताच 'एसटीटीवाय इको' (stty echo) टाइप करून एंटर दाबा. इको बंद करता आला नाही तर गेटपास इशारा देतं. मी तिथे स्क्रिप्ट थांबवते.