इंडिको इन्स्टॉल करताना: तीन तिरक्या रेघांचं प्रकरण

गिट, व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट आणि टर्मिनल तुम्हाला येतं असं धरून चालते. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत 2004 पासून परिषदा-बैठकांच्या आयोजनासाठी वापरात असलेलं इंडिको हे सॉफ्टवेअर फ्लास्कवर (पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर) उभं आहे आणि पायथनचा भाग तसा सरळ आहे. घोळ होतो तो पोस्टग्रेसपाशी, म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसपाशी. मी तिथेच लटकले होते, म्हणून त्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता असा असतो: पोस्टग्रेएसक्यूएल:///इंडिको. रेघा मोजा, तीन आहेत. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये एरवी युजर, पासवर्ड आणि होस्ट येतात. इथे ती जागा रिकामी, म्हणजे कनेक्शन युनिक्स सॉकेटवरून (नेटवर्कऐवजी मशीनच्या आतल्याच वाटेने) जाणार. आणि उबुंटू-डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये सॉकेटवरून आलेल्याला पोस्टग्रेस पासवर्ड विचारतच नाही. लिनक्समध्ये लॉगिन कोण आहे आणि त्या नावाचा रोल (डेटाबेसमधला युजर) आपल्याकडे आहे का, एवढंच बघतं. हेच पीअर ऑथेंटिकेशन. तुम्ही ‘इंडिको’ नावाचा रोल करून त्याला भलामोठा पासवर्ड दिलात आणि काम स्वतःच्या लॉगिनने करताय, तर त्या पासवर्डकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एरर येते ‘रोल डझ नॉट एक्झिस्ट’. पत्त्यात नुसतं युजरचं नाव घातलंत तर ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’. पासवर्ड बदलत बसू नका, त्याचा काही संबंध नाही.

एक तर स्वतःच्या लॉगिनच्याच नावाचा रोल तयार करा, पत्ता तसाच ठेवा. नाहीतर पत्त्यात युजर, पासवर्ड आणि लोकलहोस्ट लिहा. मग कनेक्शन 5432 पोर्टवरून जातं आणि पासवर्ड कामाला येतो.

पीजी-एचबीए फाइलमध्ये (कुणाला कसं तपासून आत घ्यायचं ते पोस्टग्रेस इथे बघतं) ‘ट्रस्ट’, म्हणजे न तपासताच आत घ्या, असं लिहून मोकळं व्हा, असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. ऐकू नका. एरर न वाचताच ‘ट्रस्ट’ सुचवणाऱ्या मेंटरला तुम्हाला फक्त कटवायचं असतं, हे माझं ठाम मत. डॉकरने (सगळं तयार कंटेनरमध्ये चालवून) हे सगळं टळतं, मान्य. पण पुढे कोडमध्ये हात घालायचा असेल तर एकदा तरी हाताने करा.

बाकीचं जमेल, खरंच. अनअ‍ॅक्सेंट आणि पीजी_टीआरजीएम ही दोन एक्स्टेन्शन्स डेटाबेसमध्ये आधी घाला, रेडिस (कॅश आणि कामांची रांग सांभाळणारा सर्व्हर) चालू ठेवा. फ्रंटएंडचा बिल्ड वेळ खातो, मशीन अडकलंय असं वाटतं; मध्येच बंद करू नका. मेल पाठवण्यासारखी कामं मागच्या मागे उरकणारा सेलरी वर्कर वेगळ्या टर्मिनलमध्ये लागतो. तो नसला तर साइट मस्त दिसते आणि मेल मात्र रांगेत पडून राहतात. आणि मेल सर्व्हर डमीच लावा, नाहीतर चाचणीच्या मेल खऱ्या माणसांना जातील!

साइट उघडली की एक खोटा कार्यक्रम तयार करून त्यात स्वतःचीच नोंदणी करा. डमी सर्व्हरवर मेल पडली, तर डेटाबेस, रेडिस आणि सेलरी तिन्ही नीट जोडले गेलेत.