जपानी हायस्कुलात रॉक बँड कसा उभा करावा

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि शाळेचा महोत्सव, म्हणजे बुनकासाई, बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत होतो. पहिला कार्यक्रम तिथेच करायचा असं ठरवा. हाताशी जेमतेम पाच-सहा महिने उरतात.

१. एप्रिलमध्येच ‘केइओनबु’, म्हणजे लाइट म्युझिक क्लबात नाव घाला. ड्रम, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) आणि सरावाची खोली तिथे मिळते. भिंतीला भिंत लागलेल्या घरात ड्रम वाजवणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे. क्लब नसेल तर जबाबदारी घ्यायला तयार असलेले शिक्षक गाठा आणि नवा क्लब काढण्याचे शाळेचे नियम विचारून घ्या.

२. गिटार सगळ्यांनाच हवी असते, म्हणून आधी ड्रमर शोधा. मग एखाद्या गिटारवाल्याला बास गिटारसाठी राजी करा. उत्तम वाजवणाऱ्यापेक्षा सरावाला न चुकता येणारी मैत्रीण किंवा मित्र केव्हाही बरा.

३. सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांनी करा. जपानमध्ये याला कॉपी बँड म्हणतात आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. प्रत्येक वाद्याचा भाग मांडलेली ‘बँड स्कोअर’ पुस्तकं दुकानात मिळतात. तीन गाणी पुरेत. पट्टी मात्र गाणाऱ्याच्या गळ्याला मानवेल अशीच धरा.

४. खोली सगळ्या बँडमध्ये वाटून मिळते, त्यामुळे आपापला भाग घरी मेट्रोनोमवर (ठराविक लयीत टिकटिक करणारं यंत्र) पक्का करूनच या. खोली एकत्र जुळवण्यासाठी आहे. वेळ अपुरा पडला तर तासाच्या भाड्याने स्टुडिओ मिळतात. तिथे बहुधा रोलँडचा जेसी-१२० अँप असतो, १९७५ पासून चालत आलेला. व्हॉल्यूम शून्यावर आणा, केबल जोडा, मग स्वीच लावा. ट्रेबल, मिडल, बास या आवाजाच्या कळा मधोमध ठेवा आणि ड्रमसोबत वाजवत आवाज हळूहळू वाढवा. गाण्याचे शब्द ऐकू येईनासे झाले की गिटारचा आवाज खाली आणायचा, यावर वाद नको.

५. मंचावरच्या वेळेत केबल जोडणं आणि सूर लावणंही धरलेलं असू शकतं. तेव्हा घड्याळ लावून त्याचाही सराव करा.

शाळेबाहेर लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे बँड वाजवतात अशा छोट्या सभागृहात, वाजवायचं असेल तर ‘नोरुमा’ आधी विचारा: ठरलेली तिकिटं विकली गेली नाहीत तर पैसे बँडच्या खिशातून जातात. शिवाय टोकियोच्या नियमानुसार पालकांनी १८ वर्षांखालच्यांना रात्री ११ नंतर सबळ कारणाशिवाय बाहेर राहू द्यायचं नसतं, तेव्हा लवकरची पाळी मागून घ्या.

आणि सेनपाईंना, म्हणजे वरच्या वर्षातल्या मुलांना, लवकर गाठा. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, वर्षाची मुलं प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी क्लब सोडतात. खोलीतला कुठला अँप कधी दगा देतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.