रशियात शिकायला जायचे ठरल्यावर: मराठवाड्यातील कुटुंबासाठी पैशाचे आणि तयारीचे नियोजन

रशियातील विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाच्या हातात वर्षातला सर्वांत कमी पैसा असतो. सोयाबीन अजून शेतात उभे असते, ते मोंढ्यावर जाईपर्यंत दसरा-दिवाळी येते, कापसाचा पैसा त्यानंतर आणि तुरीचा तर जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो. शुल्क, वसतिगृह, विमा, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि पहिल्या दोन महिन्यांचा घरखर्च मात्र जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच भरावा लागतो. प्रवेश मिळाल्यावर पैशाची जुळवाजुळव सुरू करणारी कुटुंबे याच काळात सावकाराच्या दारात जातात, आणि पुढची पाच-सहा वर्षे दर पावसाळ्यात तीच वेळ पुन्हा येते. म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी महिनावार हिशोब मांडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा हिशोब रुपयांत न मांडता आधी रुबलमध्ये मांडावा, कारण शुल्क आणि राहण्याचा खर्च रुबलमध्येच असतो. उदाहरणादाखल वर्षाचे शुल्क ३ लाख रुबल धरू. रुबलचा भाव ९० पैसे असेल तर ही रक्कम २ लाख ७० हजार रुपये होते, आणि १ रुपया २० पैसे असेल तर ३ लाख ६० हजार. नव्वद हजारांचा हा फरक दोन एकर कोरडवाहू सोयाबीन विकूनही भरून निघत नाही. ही भीती काल्पनिक नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रुबल साठ पैशांच्या खाली गेला होता आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो १ रुपया ४० पैशांच्या वर होता. त्यामुळे आजच्या भावाने येणाऱ्या एकूण रकमेवर किमान पाचवा हिस्सा अधिक धरावा. हिशोबाच्या वहीत शुल्क, वसतिगृह, जेवण, वैद्यकीय विमा, व्हिसाची मुदतवाढ, हिवाळी कपडे आणि दोन वर्षांतून एकदा घरी येण्याजाण्याचे भाडे असे वेगवेगळे रकाने करावेत, आणि प्रत्येक रकान्यासमोर पैसा कोणत्या महिन्यात लागणार आणि तो कोठून येणार, हे लिहावे. ज्या रकान्यासमोर ‘बघू’ असे लिहावे लागते, तोच पुढे कर्जाला कारण होतो.

यानंतर शिष्यवृत्तीचा विचार करावा, कारण तिची मुदत सर्वांत आधी संपते. रशियाचे सरकार परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ठरावीक जागा राखून ठेवते, आणि भारतीय विद्यार्थ्यांची निवड दिल्लीतील रशियन दूतावास आणि ‘रशियन हाऊस’ या केंद्रांमार्फत होते. मुंबईचे रशियन हाऊस पेडर रोडवर आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्यात पसंतीक्रमाने सहा विद्यापीठे निवडता येतात, आणि पुढील वर्षाच्या प्रवेशासाठीची ही प्रक्रिया साधारणपणे आदल्या वर्षी गणपती-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. म्हणजे बारावीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने निकालाची वाट न पाहता बारावीचे वर्ष चालू असतानाच अर्ज करायला हवा. लातूर-नांदेडकडचे अनेक हुशार विद्यार्थी जूनमध्ये चौकशी करतात, तेव्हा त्या वर्षीच्या जागा भरून गेलेल्या असतात. या शिष्यवृत्तीत शिकवणीचे शुल्क माफ होते, वसतिगृहात रशियन विद्यार्थ्यांच्याच दराने जागा मिळते आणि थोडे विद्यावेतनही मिळते. मात्र ते विद्यावेतन महिन्याच्या जेवणालाही पुरत नाही, आणि विमानभाडे व विमा आपला आपण भरावा लागतो. फुकट शिक्षण म्हणजे फुकट मुक्काम नव्हे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘ओपन डोअर्स’ ही स्पर्धा हा दुसरा मार्ग आहे. तिची पहिली फेरी विद्यार्थ्याच्या आजवरच्या कामाच्या कागदपत्रांवरच होते आणि त्यासाठी रशियात जावे लागत नाही.

शिष्यवृत्तीच्या जागांवरचे शिक्षण बहुतांशी रशियन भाषेत असते, आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याला आधी एक वर्ष पूर्वतयारीच्या विभागात भाषा शिकावी लागते. गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा शेतीशास्त्र शिकणाऱ्याला या वर्षाचा फायदाच होतो. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे लोबाचेव्हस्की यांच्यासारखा गणितज्ञ कुलगुरू लाभलेल्या कझान विद्यापीठात, किंवा सायबेरियातील तोम्स्क येथे, त्या भाषेतूनच त्या परंपरेत शिरता येते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने मात्र येथे थांबून विचार करावा.

वैद्यकीय शिक्षणाविषयी भारतातील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि परत येऊन भारतात व्यवसाय करायचा असेल तर ते नियम प्रवेशाच्या दिवसापासूनच पाळावे लागतात. विद्यार्थी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असला पाहिजे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातील असला पाहिजे. १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हायला हवी. ती पदवी त्या देशातही व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र असली पाहिजे. आणि हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत संपले पाहिजे. रशियन भाषेतून वैद्यकीय पदवी घेतली तर माध्यमाच्या अटीशी मेळ बसत नाही. पहिली दोन-तीन वर्षे इंग्रजी आणि पुढे रशियन, अशी दुहेरी व्यवस्था असलेली विद्यापीठेही याच कारणाने टाळावीत, आणि माध्यम कोणते आहे हे विद्यापीठाच्या करारपत्रात लिहून घ्यावे. ‘आमचे विद्यापीठ आयोगाने मंजूर केलेले आहे’ असे एजंट सांगतात, पण परदेशी महाविद्यालयांना मान्यता देणारी अशी कोणतीही यादी आयोग ठेवत नाही. इंग्रजी माध्यम असले तरी रुग्णालयातील आजीबाई आपले दुखणे रशियनमध्येच सांगणार, म्हणून भाषा शिकावी लागतेच. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबईचे रशियन हाऊस येथे रशियनचे वर्ग चालतात, आणि जाण्यापूर्वी निदान लिपी तरी पक्की करून घ्यावी.

आपल्या सरकारांच्या योजनांकडे अनेक कुटुंबे मोठ्या आशेने पाहतात, म्हणून त्यांच्या मर्यादा स्पष्ट लिहितो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. साठी आहेत, आणि दोन्हींमध्ये विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट आहे. मॉस्को राज्य विद्यापीठासारखी मोजकी नावे सोडली तर रशियातील बहुतेक विद्यापीठे वरच्या क्रमांकांत येत नाहीत, त्यामुळे विद्यापीठ ठरवण्यापूर्वी चालू वर्षाची क्रमवारी पाहावी. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या ‘सारथी’ या संस्थेची परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठीच्या राज्य महामंडळाची शैक्षणिक कर्जावरील व्याज परतावा योजना आहे. यांसाठी उत्पन्नाचा दाखला आणि योजनेनुसार लागू असेल तेथे जातवैधता व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. जातवैधतेला लागणारा वेळ लक्षात घेऊन ते काम अकरावीतच सुरू करावे. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक संस्थांपुरतीच आहे; तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

राहता राहिले बँकेचे कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांपुढील कर्जाला तारण लागते, परदेशी शिक्षणासाठी खर्चाचा १५ टक्के वाटा कुटुंबाला स्वतः घालावा लागतो, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. येथे मराठवाड्यातील कुटुंबाला धक्का बसतो तो तारणाच्या प्रश्नावर. दहा एकरांचा सातबारा घेऊन वडील बँकेत जातात, आणि शाखाधिकारी ती जमीन तारण घेत नाही. यात त्या अधिकाऱ्याचा आकस नसतो. तारण मालमत्ता विकून थकीत कर्ज वसूल करण्याचा जो सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँकांना अकृषिक भूखंड, शहरातील घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असे तारण हवे असते. गावठाणातील घराची कागदपत्रेही पुष्कळदा अपुरी ठरतात. तेव्हा कोणाच्या नावावर अकृषिक भूखंड आहे, मामा किंवा चुलते जामीन राहतील का, हे प्रवेशाच्या आदल्या वर्षीच घरात बसून, मोकळेपणाने बोलून ठरवावे. हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळातही दरमहा व्याज तेवढे भरत गेल्यास शेवटचा बोजा बराच हलका होतो. वडील किंवा आई प्राप्तिकर भरत असतील आणि जुनी करप्रणाली निवडत असतील, तर प्राप्तिकर कायद्याखाली (१९६१ च्या कायद्यात कलम ८० ई) या व्याजाची आठ वर्षे वजावट मिळते.

पैसा जमला, तरी तो रशियात पोहोचवणे हे वेगळे काम आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातील व्यवहार थांबवले, त्यामुळे भारतातील बँकेचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड तेथील एटीएममध्ये चालत नाही. अनेक रशियन बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेबाहेर आहेत, म्हणून विद्यापीठाचे खाते कोणत्या बँकेत आहे आणि आपली बँक त्या खात्यावर पैसे पाठवू शकते का, हे शुल्काच्या मुदतीआधी दोन महिने लेखी विचारून घ्यावे. स्बेरबँक आणि व्हीटीबी या रशियन बँकांच्या भारतातही शाखा आहेत; तेथेही चौकशी करता येते. पहिल्या काही महिन्यांसाठी रोख डॉलर नेणे हाच बहुतेकांचा मार्ग असतो. इतर बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात ३,००० डॉलरची मर्यादा असली, तरी रशियाला जाणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेने त्यातून सूट दिलेली आहे; मात्र १०,००० डॉलरहून अधिक रक्कम असेल तर रशियन सीमाशुल्क विभागाकडे ती जाहीर करावी लागते. डॉलर परवानाधारक विक्रेत्याकडूनच, बँक खात्यातून पैसे देऊन आणि पावती घेऊन घ्यावेत. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे परकीय चलन रोखीने विकत मिळत नाही, हे मोंढ्यातील रोख व्यवहाराची सवय असलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. तेथे पोहोचल्यावर विद्यार्थ्याने रशियन बँकेत खाते उघडून ‘मीर’ हे रशियाचे स्वतःचे बँक कार्ड घ्यावे. एका आर्थिक वर्षात स्वतःच्या पैशातून १० लाखांहून अधिक रक्कम पाठवल्यास वरच्या रकमेवर कर कापला जातो, तो विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर हा कर लागत नाही.

कागदपत्रांत सर्वांत वेळखाऊ काम अपोस्टिलचे, म्हणजे आपले कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून होणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाचे आहे. दहावी-बारावीच्या किंवा पदवीच्या मूळ गुणपत्रिकांवर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो, त्यानंतर रशियन भाषांतर होते. पासपोर्ट, जन्मदाखला आणि गुणपत्रिका यांतील नावाचे स्पेलिंग अक्षरशः एक असावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे आणि आडनाव शेवटी, अशी पद्धत असल्याने येथे चुका होतात. विद्यापीठाकडून अधिकृत निमंत्रणपत्र आल्यावर व्हिसासाठी अर्ज करता येतो, आणि तीन महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी एचआयव्ही चाचणीचा अहवाल जोडावा लागतो. पहिला व्हिसा सहसा तीन महिन्यांचाच असतो आणि त्याची मुदतवाढ तेथे विद्यापीठामार्फत होते, म्हणून तीन महिन्यांनी व्हिसा रद्द झाला असे समजून घरच्यांनी घाबरू नये. मुंबईच्या फेऱ्यांसाठी देवगिरी एक्स्प्रेस आणि दिल्लीसाठी सचखंड एक्स्प्रेस आहेच. त्या फेऱ्यांचा खर्चही वहीत लिहावा.

एजंटाविषयी एकच अनुभव सांगतो. माझ्या ओळखीतील एका कुटुंबाने मुलीच्या मूळ गुणपत्रिका एजंटाच्या हवाली केल्या. पुढे शुल्कावरून मतभेद झाला, आणि ती कागदपत्रे परत मिळवण्यात तिचे एक वर्ष गेले. मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत, शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे, आणि एजंटाला फक्त त्याच्या कामाचे पैसे पावती घेऊन द्यावेत.

शहर निवडताना युद्धाची वस्तुस्थिती नजरेआड करू नये. कुर्स्क हे भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांचे जुने ठिकाण आहे, पण तो प्रांत युक्रेनच्या सीमेला लागून आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे प्रत्यक्ष लढाई झाली. मी माझ्या घरच्या मुलाला आज तेथे पाठवणार नाही. अधिक पगाराच्या कामाचे किंवा लवकर नागरिकत्वाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियन सैन्यात भरती केल्याची प्रकरणे घडली आहेत, आणि अशा प्रस्तावांपासून दूर राहण्याची सूचना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली आहे. रशियन भाषेतील कोणताही कागद पूर्ण समजल्याशिवाय सही करू नये, हे मुलाला निघण्यापूर्वी निक्षून सांगावे. पोहोचल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत निवासाची नोंदणी होते, ती वसतिगृह करून देते, पण त्यासाठी पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेले मायग्रेशन कार्ड पहिल्याच दिवशी कार्यालयात दाखवावे. मॉस्कोतील भारतीय दूतावासाकडेही आपली नोंद करावी. ऑगस्ट २०२५ पासून तेथे व्हॉट्सअ‍ॅपवरील कॉलवर निर्बंध आले, तेव्हा घरी संपर्काचे दुसरे साधन कोणते, हे आधीच ठरवावे. जाड कोट येथे घेऊ नये. सायबेरियात जानेवारीत उणे पंधरा-वीस अंश ही नेहमीची गोष्ट असते, आणि त्या थंडीसाठी लागणारा कोट आणि बूट तेथेच योग्य मिळतात.

पहिला सप्टेंबर पार पडला की दुसऱ्या वर्षाची तयारी त्याच हंगामात सुरू करावी. दिवाळीच्या आसपास आडतीवरून सोयाबीनची हिशोबपट्टी हातात पडेल, त्या दिवशी शुल्काचा एक भाग मुदत ठेवीत टाकावा, तुरीच्या पैशातून दुसरा भाग टाकावा, आणि दोन्ही ठेवींची मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी ठेवावी, म्हणजे बँकेमार्फत पैसे रशियात पोहोचायला उशीर झाला तरी शुल्काची तारीख चुकणार नाही.