सावर मॅश व्हिस्की चाखताना: आंबटपणा शोधू नका, सातत्य शोधा

अमेरिकन व्हिस्कीच्या बाटलीवर ‘सावर मॅश’ (आंबट मॅश) हे नाव वाचून पहिल्याच घोटात आंबट चव शोधणारे हमखास बुचकळ्यात पडतात. ती तिथे नसतेच. आंबट असतं ते आंबवण, व्हिस्की नव्हे. मका, राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) किंवा गहू आणि मोड आणून वाळवलेलं जव शिजवून मॅश तयार होतो. त्यात आधीच्या खेपेतली दारू गाळून झाल्यावर तळाशी उरलेलं आंबट पाणी मिसळतात. त्याला बॅकसेट म्हणतात आणि ते साधारणपणे मॅशच्या २० ते ३० टक्के असतं. त्यामुळे मॅशचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आंबट) ५ ते ५.५ च्या आसपास उतरतो. यीस्टला तो मानवतो आणि नको ते जिवाणू दबून राहतात. याला कुणी ‘व्हिस्कीचं विरजण’ म्हणतात, पण ते चूक आहे. बॅकसेट उकळून निघालेला असतो, त्यात जिवंत काही उरत नाही. कामाला येते ती फक्त आम्लता. आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल सहजासहजी वाफेबरोबर वर चढत नाही, बहुतेक मागेच राहतं. बाटलीपर्यंत पोचतात ते आंबवणात तयार झालेले एस्टर, म्हणजे केळं, सफरचंद, पेअर यांचे वास.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या कॅथरीन कार्पेंटर यांच्या १८१८ सालच्या कृतीत हे तंत्र लिहिलेलं सापडतं. पुढे १८३० च्या दशकात तिथेच व्हिस्की गाळणारे जेम्स क्रो यांनी त्याला मोजमापाची शिस्त लावली. खटाटोप एवढ्याचसाठी की आजची खेप कालच्यासारखी उतरावी. म्हणून छोट्या स्थानिक डिस्टिलरीची व्हिस्की पारखायची, तर एका बाटलीवर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या बॅच क्रमांकांच्या दोन बाटल्या मिळवा.

आधी लेबल

व्हिस्की खरोखर स्थानिक आहे का, हे तपासा. अमेरिकेत ‘डिस्टिल्ड बाय’ लिहिलं असेल तर ती त्याच मंडळींनी गाळलेली. नुसतं ‘प्रोड्यूस्ड बाय’ किंवा ‘बॉटल्ड बाय’ असेल तर माल दुसरीकडून आणून बाटलीत भरलेला असू शकतो. पत्ता एका राज्याचा आणि गाळण दुसऱ्या राज्यात झालं असेल, तर ते दुसरं राज्य लेबलवर छापावं लागतं. बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. विकत आणलेला माल वाईट असतो असं नाही, पण मग तुम्ही त्या गावची डिस्टिलरी चाखत नाही. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ असेल तर निम्मं काम झालं: १८९७ च्या कायद्यानुसार एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान ४ वर्षं बॅरलमध्ये आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान २ वर्षं; ४ वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लिहिणं सक्तीचं. रंग पाहून वय ठरवू नका. छोट्या डिस्टिलऱ्या १९ ते ३८ लिटरची बॅरल वापरतात तेव्हा काही महिन्यांतच गडद रंग चढतो.

डिस्टिलरीत जायची संधी मिळाली तर टाक्या बघायला मागा. पहिल्या दिवशीचा मॅश मक्याच्या पातळ लापशीसारखा गोड लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच आंबट, बिअरसारखा होतो. इथेच काय तो आंबटपणा जिभेला भेटतो. फक्त टाकीवर वाकून खोल श्वास घेऊ नका. वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो आणि नाकात सणक जाते.

ग्लास, पाणी, हुंगणं

तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. त्यात २० मिली ओता, जास्त नको. बर्फ नको, थंडीने वास मिटतात. १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान ठीक. १० मिनिटं तसाच ठेवा. वाइनसारखा गरगर फिरवू नका, नुसता अल्कोहोल उसळून नाकात शिरतो.

ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, मग हळूहळू वर आणा. ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा, म्हणजे नाक जळजळत नाही. पहिल्या हुंगण्याला फारसं महत्त्व देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्यात व्हॅनिला, करपायच्या बेतातली साखर, ओक लाकडाचा नारळासारखा वास आणि लवंग वेगवेगळे कळू लागतात. हे सगळं आतून जाळलेल्या नव्या ओक बॅरलचं. त्याखाली भाजलेला मका, रायची मिरमिर आणि फळं शोधा. सावर मॅशचं काम या खालच्या थरात दिसतं. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या.

पहिला घोट निव्वळ जीभ सरावण्यासाठी. दुसरा अर्ध्या चमच्याएवढा घ्या आणि १०-१५ सेकंद अक्षरशः चावत तोंडभर फिरवा. केंटकीत याला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. गोडी जिभेवर लगेच कळते, तिखटपणा मधे, तुरटपणा शेवटी हिरड्यांवर. गिळल्यावर (किंवा थुंकल्यावर, तीनहून जास्त नमुने असतील तर थुंकाच) तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. काय उरतं आणि किती वेळ, ते लिहून ठेवा.

आता पाणी. ते क्लोरीनविरहित आणि कमी क्षारांचं असावं. हिशेब सोपा आहे: व्हिस्कीचे मिली गुणिले आताची टक्केवारी, भागिले हवी असलेली टक्केवारी. २० मिली ५० टक्क्यांची व्हिस्की ४० वर आणायची तर एकूण २५ मिली, म्हणजे ५ मिली पाणी, एक सपाट चहाचा चमचा. ६० वरून ४५ वर आणायला पावणेसात मिली. सगळं एकदम ओतू नका. ड्रॉपरने घाला आणि दर खेपेला हुंगा. पाण्याने अल्कोहोलची जळजळ उतरते आणि दबलेले वास मोकळे होतात, पण एका टप्प्यानंतर सगळंच पातळ होतं आणि परतीची वाट नसते. पाण्याने गढूळपणा आला तर घाबरू नका. थंड करून गाळणी न केलेल्या व्हिस्कीतले तेलकट घटक वर आले, एवढंच.

बिघाड कुठे झाला?

मराठीत ‘पहिल्या धारेची’ हे कौतुक असलं तरी गाळताना पहिली धार वेगळी काढायची असते. ती पुरती निघून जाण्याआधीच तोडली की नेलपॉलिश रिमूव्हरचा वास राहतो. शेवटची धार उशिरापर्यंत घेतली की ओला पुठ्ठा, घामट कपडे असे वास येतात. विझवलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास म्हणजे गंधक. वाफेला तांब्याचा स्पर्श कमी पडला. आंबलेल्या ओकारीसारखा वास ब्युटिरिक आम्लाचा, म्हणजे आंबवणात नको ते जिवाणू शिरले. सावर मॅश म्हणवणाऱ्या डिस्टिलरीला हा दोष सर्वात लाजिरवाणा, कारण बॅकसेट घालायचा तो हेच टाळायला. ताज्या लाकडाचा भुसा आणि वर जास्त उकळलेल्या चहाचा तुरटपणा हे लहान बॅरलचं लक्षण: लाकूड भराभर उतरलं, पण हवेच्या संथ संपर्काने येणारी गोलाई यायला वेळच मिळाला नाही. असा माल पाण्याने सुधारत नाही.

आता त्या दोन बाटल्या. एकसारखे तीन ग्लास घ्या. दोघांत एका बॅचची, तिसऱ्यात दुसरीची, प्रत्येकी १५ मिली, सारख्याच टक्केवारीवर आणून. दुसऱ्या कुणाला ओतायला सांगा, ग्लासांच्या तळाला खुणा करा आणि वेगळा ग्लास ओळखा. एकदा नेमका सापडणं हा योग असू शकतो, अंदाजानेही तीनात एकदा जमतं. क्रम बदलून चार-पाच वेळा करा, पण दिवसाला दोनच फेऱ्या. दर वेळी फरक ओळखता आला, तर तो फळांच्या वासात आहे की लाकडात, ते बघा. लाकडातला फरक समजण्यासारखा आहे, प्रत्येक बॅरल वेगळं असतं. फळांत किंवा धान्यात मोठी तफावत असेल तर आंबवणावर त्यांचा हात अजून बसलेला नाही.

रिकामे ग्लास लगेच धुऊ नका. रात्रभर तसेच ठेवून सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो. चांगल्या व्हिस्कीच्या ग्लासात मध, तंबाखूचं कोरडं पान आणि मक्याचा भाजका वास राहतो. कच्चीच्या ग्लासात ओल्या लाकडाचा.