पाळीची कळ आणि सिंगापूरचा काढा

पाळीचा पहिला दिवस म्हणजे ऑफिसात वाकून बसणं. सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं (ती आधी करून घ्याच). शेवटी शेजारच्या चिनी आजींनी त्यांच्या वैद्यबाईंकडे धाडलं. सिंगापुरात चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, त्यामुळे धीर झाला.

बाईंनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. गुठळ्या पडतात का, शेकल्यावर बरं वाटतं का, हे खोदून विचारलं. मग दिला 'सी वू तांग', म्हणजे चार औषधींचा काढा: डांग ग्वे आणि च्वान श्योंग ही चिनी मुळं, पांढऱ्या पिओनीचं मूळ आणि वाफवून काळंकुट्ट केलेलं रेहमानियाचं मूळ. सोंग काळातल्या सरकारी औषधग्रंथातला हा पाठ. उकळताना घरभर ओल्या मातीत ओवा कुटल्यासारखा वास. चव आधी गोड, मग कडू.

काढा घ्यायचा तो रक्तस्राव थांबल्यावर, काही दिवस. दुखण्याच्या दिवसांत आलं आणि लाल साखरेचं गरम पाणी, शिवाय पोटाला शेक. आई फोनवर म्हणाली, "अगं, हे तर आपलं गूळ-सुंठच!"

दोन-तीन महिन्यांत कळ निम्म्यावर आली, गेली मात्र नाही. पहिल्या दिवशी एखादी गोळी अजून लागते. श्रेय काढ्याचं की शेकाचं, सांगता येत नाही. पाळीच्या कळांवरच्या चिनी वनौषधींचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कोक्रेन आढाव्यातही निष्कर्ष आशादायक, पण अभ्यासांचा दर्जा कच्चा, असंच म्हटलंय. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डांग ग्वे नकोच. उकळायचा कंटाळा आला की मी आता तयार दाणेदार पूड घेते.